हंड्याखालची जागा

खाणीत उतरणाऱ्या प्रत्येकाला आधी तिच्या खिडकीसमोरून जावं लागे. पितळी बिल्ला आत सरकवायचा, दिवा घ्यायचा, टोपीला अडकवायचा आणि खाली नेणाऱ्या पिंजऱ्याच्या दिशेने चालू लागायचं. वर आल्यावर दिवा परत, बिल्ला परत. बिल्ला खिळ्यावर लटकत असेल तर माणूस अजून खाली आहे, इतका साधा मामला. दिव्यांच्या खोलीत बसणाऱ्या बाईला खाणीतली कुठलीच गोष्ट कुणाला विचारावी लागत नाही. रांगेत उभी असलेली माणसं ती आपणहून बोलतात, आणि खिडकीच्या आत बसलेल्या बाईला कान असतात हे विसरतात.

म्हणूनच, नवरा खाणीत पहिल्यांदा उतरला त्या दिवशी काय झालं, हे त्याने घरी येऊन सांगायच्या आधी तिला ठाऊक होतं.

नवरा भूगर्भशास्त्राचा माणूस. जमिनीत भोक पाडून दगडाचे लांब दांडे वर काढायचे, ते पेट्यांत ओळीने मांडायचे आणि कोळशाचा थर कुठे सुरू होतो, कुठे संपतो ते सांगायचं, हे त्याचं काम. तिचे बाबा छताच्या टोळीचे मुकादम. सुरुंगाने कोळसा सुटला की त्या जागी सगळ्यांत आधी बाबा जात. हातात लांब पहार. पहारीचं टोक छतावर ठोकायचं आणि ऐकायचं. टणक, घंटेसारखा आवाज आला तर छत भरीव. भिजल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर वरचा थर सुटलाय, खाली कुणी उभं राहायचं नाही. बाबांचा कान पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. त्यांच्या टोळीतला एकही माणूस आजवर छत कोसळून गेला नव्हता. "छत माझ्याशी बोलतं," असं ते म्हणत, आणि दोन घोट पोटात गेले की पुढे जोडत, "बायको जेवढी बोलली नाही तेवढं."

टोळीची जेवायची जागा दोन बोगद्यांच्या चौकात होती. तिथला कोळसा फार पूर्वी काढून झालेला. वर छतात एक मोठं काळं वर्तुळ दिसे, बैलगाडीच्या चाकाएवढं, कडेला चकचकीत काळी किनार. पालथा घातलेला हंडा खालून बघावा तसं. सगळे त्याला हंडाच म्हणत. टोळीचा रिवाज असा, की नव्या माणसाने पहिला डबा त्या हंड्याखाली बसून खायचा. मुकादम पहारीने हंडा वाजवणार, टण्ण, आणि म्हणणार, "बसा, नवरदेव." एरवी ती जागा खुद्द मुकादमांची.

जावयाने वर बघितलं आणि तो बसला नाही.

"हे झाड आहे," तो म्हणाला.

"झाड? छतात?" टोळीतला बुटका म्हणून एक होता, त्याला विनोद वाया गेलेला सहन होत नसे. "मग चढा वर आणि चार फळं तोडून आणा की, साहेब!"

हसण्याचा गडगडाट झाला. नवऱ्याने तरी समजावून सांगायचा प्रयत्न केला. कोळसा म्हणजे जुनं दलदलीतलं रान. त्यातलं एखादं झाड उभ्या उभ्या गाळात गाडलं गेलं, आतून कुजलं, पोकळीत वाळू भरली, वाळूचा दगड झाला. सालीचा तेवढा कोळसा झाला, पातळ आणि गुळगुळीत. बुंधा खाली रुंद, वर निमुळता. खालचा कोळसा काढला की त्या दगडाच्या बुचाला धरून ठेवणारं काहीच उरत नाही, फक्त ती तेलकट साल. "ह्याला लोखंडी दांडे मारून आधार द्या," तो म्हणाला, "नाहीतर जागा बदला."

बाबांनी शांतपणे पहार उचलली, हंडा वाजवला. टण्ण. परत वाजवला. टण्ण.

"ऐकलंत, जावईबापू? तुमचं झाड म्हणतंय, बसा जेवायला."

त्या दिवशी दिवे परत करताना रांगेत सगळे हेच बोलत होते. बाबांनी तिच्या हातात दिवा दिला आणि म्हणाले, "तुझा नवरा उभ्याने जेवला गं. घोड्यासारखा."

तिचं लग्न बाबांच्या मनाविरुद्ध झालं होतं. त्यांनी टोळीतलाच एक गडी हेरून ठेवला होता. दगडाला नाव-गाव विचारत फिरणारा जावई त्यांना पटला नाही, आणि नाकावर माशी न बसू देणाऱ्या माणसाने ते कधी लपवलंही नाही.

जावई मॅनेजरकडे गेला. मॅनेजरने चहा पाजला आणि म्हणाला, "छताचा शब्द मुकादमांचा. आणि हे तर तुमच्या घरातलंच प्रकरण. घरात मिटवा ना." मग जावयाने हंड्याच्या किनारीवर आडव्या चुन्याच्या पट्ट्या लावल्या. दगड केसभर जरी हलला, तरी पट्टी तडकणार. काही आठवड्यांत पट्ट्या तडकल्या. बाबा म्हणाले, "चुना वाळला की तडकतो. माझ्या स्वयंपाकघराची भिंतही तडकलीय, उद्या तिला आधार द्याल?" टोळीने तडकलेल्या पट्ट्यांना कोळशाने मिशा काढल्या, आणि तेव्हापासून खाणभर त्याचं नाव झालं, चुनेवाले.

आई गेल्यापासून सुट्टीच्या दिवशी बाबा त्यांच्याकडे जेवायला येत. आले की जोडे दारात काढायच्या आधी वर बघत.

"बसू ना जावईबापू? पंखा आहे डोक्यावर. चुना लावून बघितलात?"

नवरा हसून घेई. असं किती वेळा झालं कोण जाणे. एकदा बाबांनी खुर्चीच सरकवली, टेबलाखाली वाकले, टेबलाला खालून टकटक केलं आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "झाड आहे. पूर्वीचं. सगळे बाहेर व्हा." तिला हसू फुटलं. आवरायच्या आतच फुटलं. आणि नजर वळवली तर नवरा तिच्याकडे बघत होता. रागाने नाही. एखाद्या पेटीत दगड मांडून ठेवताना बघतो तसा, नीट, जागा लक्षात ठेवून.

त्याच संध्याकाळी त्याने खिडकीतली कुंडी उचलली. तिच्या आईने लावलेलं रोप होतं ते, कधीच वाळून गेलेलं. तिला टाकवत नव्हतं म्हणून राहिलं होतं.

"इकडे बघ," तो म्हणाला. कुंडी त्याने पालथी केली, बुडावर एक टिचकी मारली. मातीचा अख्खा गोळा सरळ खाली घसरून टेबलावर बसला, कुंडीच्याच आकाराचा. वाळलेल्या मातीने कुंडीचा हात केव्हाच सोडलेला होता. "आता वाजव."

तिने बोटाने वाजवलं.

"भरीव वाजतंय ना? थर सुटला असेल तर बद्द वाजतो, ते बाबांचं खरं आहे. पण हा थर नाही. हा एकसंध गोळा आहे. पडायच्या आधी भरीव वाजणार आणि पडल्यावरही भरीवच वाजणार. बाबांच्या कानाला हे कधीच कळणार नाही."

"मग हे बाबांना दाखवा ना."

"दाखवलं तर उद्या रांगेत म्हणतील, चुनेवाले आता बागकाम करायला लागले." त्याने माती कुंडीत परत भरली नाही. केराच्या डब्यात टाकली, वाळल्या मुळांसकट.

त्यानंतर तो हंड्याबद्दल बोलेनासा झाला. मिठाची गुळणी धरल्यासारखा. तिला आधी सुटल्यासारखंच झालं. आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाची बाजू घेणार? बाबांनी टोमणा मारला की तो त्यांच्याहून मोठ्याने हसे, त्यांच्या ताटात वाढे, "बाबा, तुमच्या कानाला तोड नाही," म्हणे. बाबा खूश होत आणि मग आणखी एक टोमणा मारत.

पण रांग बोलतच होती. चुनेवाले रोज चौकात जातात. कुणी नसताना जातात. खिशातला चाकू काढतात, हंड्याच्या किनारीत पातं घालून बघतात आणि निघून येतात. आधी म्हणे पात्याचं नुसतं टोक जायचं. थंडी सरली, कोरडी हवा सुरू झाली, खाणीचे पंखे तीच कोरडी हवा खाली ढकलू लागले. मग रांगेत बुटका म्हणाला, "आज पातं मुठीपर्यंत आत! मी म्हटलं, साहेब, कापून खाणार का झाड?"

तिने त्याला विचारलं नाही. त्या थंडीत तिचं स्वतःचंच पुष्कळ झालं होतं. दोन महिन्यांचं पोटातलं गेलं. चार दिवस सुट्टी घेऊन ती परत खिडकीत बसली. बाबांना माहीत होतं. भेटायला आले, खुर्चीत बसले, छताकडे बघत राहिले आणि चहा पिऊन गेले.

मग ती सकाळ आली. नवरा आरशासमोर सदऱ्याची बटणं लावत होता. त्याचं त्या दिवसाचं काम वरच होतं, दगडांच्या पेट्या ठेवायच्या शेडमध्ये.

"आज बाबांना सांग," तो आरशात बघूनच म्हणाला, "हंड्याखाली बसू नका म्हणावं."

"का? आज काय झालं?"

"पातं आता कुठेच अडत नाही."

तिने कपबशी खाली ठेवली. "म्हणजे आजच?"

"आज, उद्या, चार दिवसांनी. दगडाला घड्याळ नसतं."

"मग तुम्ही स्वतः सांगा. मॅनेजरला सांगा."

"सगळ्यांना सांगून झालंय माझं. तू सांग." त्याने वरचं बटण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "आणि मी सांगितलंय असं सांग. माझं नाव घे. ठामपणे सांगितलंय म्हणावं."

"बरं."

"नाव नक्की घे हं."

दिव्यांच्या खोलीपर्यंतचा रस्ता लांब नव्हता, पण त्या दिवशी तिला तो पुरला. बाबांना एखादी गोष्ट सांगण्याचे दोन मार्ग होते आणि ती दोन्ही लहानपणापासून ओळखत होती. ती पाच-सहा वर्षांची असताना एकदा सकाळी त्यांच्या पायाला मिठी मारून रडली होती, नका जाऊ म्हणून, आणि ते खरंच गेले नव्हते. त्या दिवशी काहीच घडलं नाही, खाण नेहमीसारखी चालली. पण ती गोष्ट ते अजून कौतुकाने सांगत. आजही ती म्हणाली असती, बाबा, मला वाईट स्वप्न पडलं, आजच्या दिवस दुसरीकडे बसा, तर ते कुरकुरले असते, येडी म्हणाले असते आणि दुसरीकडे बसले असते. आणि दुसरा मार्ग, जावयाने सांगितलंय. मग पालथ्या घड्यावर पाणी. पाणी कसलं, मग तर ते हटकून तिथेच बसणार.

हे तिला माहीत होतं. अर्ध्या रस्त्यात तिच्या डोक्यात आलं, की हे नवऱ्यालाही माहीत आहे.

ती थांबली. आरशातलं ते वरचं बटण तिच्या डोळ्यांसमोर आलं. मग ती चालू लागली. स्वप्न पडलं असं सांगायचं, तिने ठरवलं. पक्कं ठरवलं.

टोळी आली तेव्हा बाबा सगळ्यांत पुढे होते. बिल्ला त्यांनी नेहमीसारखा टिचकी मारून आत उडवला.

"बाबा," ती म्हणाली, "एक सांगायचं होतं."

बाबांनी खिडकीत वाकून तिचा चेहरा बघितला. मागे टोळी उभी होती. ऐकणारी माणसं पाठीशी असली की बाबांची जीभ सुटे. ती त्यांची जुनीच खोड.

"तोंड का उतरलंय गं? पुन्हा दिवस राहिले की काय?" आणि मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आमच्या जावयाचा चुना, लेको, धरतच नाही. लावला की तडकतो!"

बुटका हसला. मागचे हसले. एक-दोघांनी खाली बघितलं, पण खांदे त्यांचेही हलत होते. बाबा खिडकीकडे वळले तेव्हा त्यांचा चेहरा हसून लाल झाला होता, स्वतःच्या विनोदावर खूश झालेल्या माणसाचा भाबडा चेहरा. त्यांना वाटत होतं, तीही हसेल. त्या दिवशी टेबलापाशी हसली होती तशी.

तिने त्यांचा दिवा मांडणीवरून काढला. काच फडक्याने पुसली. वायर तपासली.

"हंड्याखाली बसू नका आज," ती म्हणाली. "यांनी सांगितलंय. ठामपणे सांगितलंय."

बाबांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, फक्त डोळ्यांतून गेलं.

"ठामपणे?"

"हो. ठामपणे."

"असं." त्यांनी दिवा टोपीला अडकवला. "ऐकलंत रे? चुनेवाल्यांचा हुकूम निघालाय. मग आज मी तिथे पाय पसरून बसतो. डबा खाऊन एक डुलकीपण काढतो. आणि कुणाला भीती वाटत असेल तर त्याने लांब बसावं, बायकांत."

ते पिंजऱ्याकडे गेले. चढताना एकदा वळून त्यांनी हात हलवला. ते कधी हात हलवत नसत. आवाज पोचेल इतकंच अंतर होतं. खिडकीसमोर पुढचा माणूस बिल्ला पुढे करून उभा होता. तिने बाबांचा बिल्ला खिळ्यावर अडकवला आणि पुढच्याचा घेतला.

दुपारी फोन वाजला तेव्हा ती त्याच्याकडेच बघत बसली होती.

पुढे बुटक्याने सांगितलं ते असं. आवाज झाला नाही. कडकड नाही, खडे पडणं नाही, धूळसुद्धा नाही. डब्याचं झाकण निघावं तसा हंडा छतातून निघाला आणि खाली आला. छताला एक स्वच्छ गोल भोक, आत गुळगुळीत काळं. बाबा खांबाला टेकून पाय पसरून बसलेले, घास हातात. बाकी सगळे लांब बसले होते. चेष्टाच चालली होती, आम्ही बायकांत बसतो म्हणून. "त्या चेष्टेने वाचलो," बुटका म्हणाला आणि रडायला लागला. विनोदाशिवाय तो कसा दिसतो हे तिने पहिल्यांदा बघितलं.

बाबा मेले नाहीत. दगड कमरेवर आला. कमरेखालचं सगळं गेलं आणि वरचं राहिलं, फक्त हातांतला जोर गेला.

आता ते त्यांच्याकडेच असतात, पुढच्या खोलीत, खिडकीलगतच्या खाटेवर. खाणीतले सगळे हंडे शोधून दांड्यांनी आवळले गेले. ते काम नवऱ्याच्या देखरेखीखाली झालं. मॅनेजरने सगळ्यांसमोर त्याचा हात हातात घेतला. आता त्याला चुनेवाले कुणी म्हणत नाही. चौकशीत एकच प्रश्न तिला विचारला, निरोप दिला होता का? दिला होता. कसा? तिने शब्द जसेच्या तसे सांगितले. रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले होते. घरच्यांनी आणखी काय करायचं, असं चौकशीला आलेले गृहस्थ म्हणाले.

एकदाच, भांडी घासताना, तिने नवऱ्याला विचारलं. "नाव घ्यायला का सांगितलंत?"

"कुणी सांगितलं ते सांगायला नको?" तो म्हणाला. ताट पुसून मांडणीत ठेवलं. मग तिच्याकडे बघितलं. "पण तू घेतलंस ना?"

त्यानंतर कुणी कुणाला काही विचारलं नाही. संसार ठीक चालला आहे. लोक तर म्हणतात, सासऱ्याला असं सांभाळणारा जावई मिळायला भाग्य लागतं. आणि तो सांभाळतोच. उचलून बसवतो, कूस बदलतो, पाठ पुसतो, न चुकता. फक्त हंड्याचा एक तुकडा त्याने खिडकीत ठेवला आहे, पूर्वी कुंडी होती तिथे. त्यावर सालीच्या रेघा स्पष्ट दिसतात. बाबा मान वळवतील तेव्हा त्यांना तोच दिसतो. आणि जेवणाच्या वेळी, विशेषतः कुणी पाहुणे असले की, नवरा झाडूचा दांडा उचलतो, खाटेच्या वर छताला टकटक करतो.

"ऐका बाबा. भरीव आहे ना?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. पाहुण्यांना वाटतं, आता म्हातारा भडकणार. पण बाबा भडकत नाहीत. डोळे मिटतात, खरोखर ऐकतात आणि म्हणतात, "भरीव आहे." मग नवरा दांडा कोपऱ्यात ठेवतो आणि जेवायला बसतो.

पाहुण्यांना बाबा एकच गोष्ट सांगतात. आधीची, पायाला मिठी मारून रडल्याची गोष्ट आता मागे पडली. तिच्या जागी ही आली.

"हिने सांगितलं होतं मला. खिडकीत रडकुंडीला आली होती पोर. बाबा, नका बसू, नका बसू. मीच मस्तवाल." त्यांचे डोळे भरतात. हात वर उचलता येतो तेवढा उचलून ते तिचं मनगट धरतात. "तू तर सांगितलं होतंस गं, पोरी."

घास तिच्या हातात गार होत असतो.

"तोंड उघडा, बाबा," ती म्हणते.